मोटरवालं गेट आणि ती शॉर्ट केलेली वायर

आमच्या सोसायटीच्या सरकत्या गेटला दोन्ही खांबांवर फोटोसेल आहेत, छोटे काळे डबे, मधून कुणी गेलं की गेट थांबलं पाहिजे अशी सोय. परवा कंट्रोल बोर्डचं झाकण उघडून बघितलं तर फोटोसेलच्या दोन टर्मिनलमध्ये लाल वायरचा एवढासा तुकडा घातलेला. म्हणजे मोटरला कायम "समोर कोणी नाही" असंच कळणार, मग मधे मांजर असो नाहीतर कुणाचं पोर. टेक्निशियनला फोन केला तर तो एकदम सहज म्हणाला, "साहेब, पावसात सेन्सर सारखा त्रास द्यायचा, काचेवर पाणी, कोळ्याची जाळी, गेट अर्ध्यातच थांबायचं, तुमच्याच मेंबरांच्या तक्रारी यायच्या म्हणून बायपास केला." आणि तो खोटं बोलत नव्हता, ग्रुपवर "गेट परत अडकलंय, एएमसीवाले झोपलेत का" (एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) असे मेसेज आपल्याच लोकांनी टाकलेले आहेत, एकानेही विचारलं नाही की दुरुस्त केलं म्हणजे नक्की काय केलं.

मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे. गेट उघडतंय, बंद होतंय, मग चांगलं आहे, असा आपला हिशोब. एएमसीचा माणूस येतो, रॅकला, म्हणजे मोटर गेट ओढते त्या दातेरी पट्टीला, ग्रीस लावतो, दोनदा रिमोट दाबून दाखवतो, वॉचमनची सही घेतो आणि जातो. मधे काही आलं तर गेट थांबतं का हे बघायचं काम कुणाच्याच यादीत नाही.

ब्रिटनमध्ये २०१० च्या उन्हाळ्यात काही दिवसांच्या अंतराने दोन लहान मुली अशा मोटरच्या गेटमध्ये चिरडून गेल्या, एक मँचेस्टरला, सहा वर्षांची, दुसरी वेल्समधल्या ब्रिजेंडला, पाच वर्षांची. ब्रिजेंडच्या केसमध्ये २०१४ साली कोर्टाने गेट बसवणारी कंपनी आणि मेंटेनन्सवाली कंपनी दोघांनाही दंड केला, कारण गेट बंद होतानाचा जोर मर्यादेत ठेवलेलाच नव्हता. युरोपात ही मर्यादा ठरलेली आहे, ईएन १२४५३ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात गेट आणि खांब यांच्यातलं अंतर ५० सेंटीमीटरपेक्षा कमी राहिलं की दाब ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये, म्हणजे साधारण चाळीस किलो, आणि तोही पाऊण सेकंदात कमी झाला पाहिजे. आपल्याकडे काय होतं, गेट जुनं झालं, रोलर घासले, ट्रॅकमध्ये खडी गेली की गेट जड चालतं, मग टेक्निशियन बोर्डवरचा फोर्सचा नॉब थोडा वाढवतो. पुढच्या वर्षी अजून थोडा. रोलर बदलायला पैसे लागतात, नॉब फुकट फिरतो.

अमेरिकेत यूएल ३२५ नावाच्या गेटच्या सेफ्टी स्टँडर्डमध्ये २०१६ पासून एक मस्त अट आहे, सेन्सर जोडलेला नसेल किंवा बिघडला असेल तर मोटरने आपणहून चालायचंच नाही, बोर्ड सारखा सेन्सरला विचारत राहतो की तू जिवंत आहेस ना. आमच्यासारखा वायरचा तुकडा घालून त्याला असं सहज फसवता येत नाही. नवीन मोटर घेताना हे विचारा, कोटेशनमध्ये लिहून घ्या, स्वस्तातल्या मोटरला हे बहुतेक नसतंच.

आणि फोटोसेल चालू असला तरी तो एकच रेघ बघतो, गुडघ्याच्या आसपास. गेट उघडताना जी बाजू भिंतीच्या मागे सरकते तिकडे तर तो नसतोच. आमच्या गेटला उभे गज आहेत, गजांतून हात घालून पोरं गेटबरोबर "गाडी गाडी" करत जातात, आणि गज खांबाला घासून पुढे जातो तिथे हात राहिला तर काय होईल ते लिहवत नाही. याला उपाय म्हणजे गजांवर बारीक जाळी किंवा पत्रा वेल्ड करायचा, बस्स. ट्रॅकच्या टोकाला स्टॉपर आहे का तेही बघा, कारण लिमिट स्विच, म्हणजे गेट टोकाला पोचलं की मोटर थांबवणारा स्विच, चुकला आणि स्टॉपर नसला तर अख्खं गेट वरच्या गाइडमधून सुटून आडवं होतं, चारेकशे किलो लोखंड. लाइट गेल्यावर वॉचमन गेट मोटरपासून सोडवून हाताने जोरात ढकलतो तेव्हा तर हमखास.

चालत येणाऱ्यांसाठीचं छोटं गेट आमच्याकडे "सिक्युरिटीसाठी" कुलूप लावून बंद आहे, त्यामुळे कामवाल्या मावश्या, शाळेची मुलं, डिलिव्हरीवाले सगळे मोठ्या गेटमधूनच. जे गेट फक्त गाड्यांसाठी आहे त्यातून माणसं काढायची आणि वर म्हणायचं जपून चाला!

मीटिंगमध्ये हे सगळं मांडलं तर पहिली प्रतिक्रिया, "वॉचमनला सांगू ना लक्ष ठेवायला." अहो, तो केबिनमधून बटण दाबतो, तिथून गेटची ती बाजू दिसतही नाही, आणि त्याला महिन्याला मिळतात किती? काही झालं की पोलीस आधी त्याला उचलणार हे ठीक, पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८९ वाचा, यंत्र ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्याने निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, जीव गेला तर कलम १०६ आहेच. गेट कुणाचं, सोसायटीचं. कोटेशन पास कोण करतं, कमिटी. बंगलेवाल्यांना तर एवढीही आडोशाची जागा नाही, मालक तेच आणि रिमोट पोरांच्या हातात.

एक काका म्हणाले, इतकी वर्षं काही झालं नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून सगळ्यांना खाली नेलं आणि ट्रॅकवर पॅकिंगचा खोका उभा ठेवून वॉचमनला बटण दाबायला सांगितलं. खोका खांबापर्यंत गेला, चपटा झाला आणि मोटर तरीही घुर्रर्र करतच होती. त्यानंतर जाळीचं आणि सेफ्टी एजचं, म्हणजे गेटच्या कडेला लावायच्या त्या दाबल्यावर मोटर उलटी फिरवणाऱ्या रबरी पट्टीचं, कोटेशन लगेच पास झालं.

काम होईपर्यंत मोटर बंद, गेट हाताने सावकाश ढकलायचं असं ठरलंय. ग्रुपवर अर्थातच आरडाओरडा चालू आहे, आणि बी विंगमधून कुणीतरी विचारलंय की तेवढ्या दिवसांचे रिमोटचे पैसे मेंटेनन्समधून वजा होणार का.