गजकर्ण आणि मेडिकलमधली ट्यूब

आज शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेलो. दोन महिने जांघेत गजकर्ण, सांगायला लाज म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणून गुपचूप लावत होतो, लावली की दोन दिवसांत खाज गायब, बंद केली की परत, आणि दरवेळी आधीपेक्षा मोठं वर्तुळ. मॅडमनी ट्यूबवरचं बारीक अक्षर मलाच वाचायला लावलं. क्लोबेटासोल! म्हणजे जबरी स्टेरॉइड. खाज, लाली दबते पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते, मग गजकर्णाच्या बुरशीला रान मोकळं. वर जांघेतली कातडी पातळ, तिथे कायमचे स्ट्रेच मार्क येतात. (माझे दोन आलेत ऑलरेडी, असो.) २०१८ पासून ही चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीये म्हणे, मला तर कुणी काही विचारलं पण नाही.

आता साधी अँटीफंगल क्रीम दिलीय, सोबत गोळ्या. क्रीम लावायची कशी हेही येत नव्हतं म्हणजे बघा, मी नुसतं मधोमध चोळायचो आणि बुरशी वाढते कडेला, त्यामुळे जागा नीट कोरडी करून चट्ट्याच्या बाहेर २ सेंटिमीटरपर्यंत पातळ थर लावायचा. डाग दिसेनासा झाला तरी त्या सांगतील तोपर्यंत थांबायचं नाही.

टॉवेल वेगळा, चड्ड्या गरम पाण्यात धुवून उन्हात. या पावसात ऊन कुठून आणू? इस्त्री फिरवत बसलोय तर आई विचारतेय चड्डीला इस्त्री कशाला रे... आणि आत्ता बघतो तर तिच्या मानेवर पण एक गोल. उद्या तिलाही घेऊन जातोय.