जॉब कार्डावर अवर मीटरचा रकाना का हवा: एका पंपाच्या बिघाडांचा हिशेब

आकडेमोड एका दुपारी झाली. त्याआधीचे नऊ दिवस जॉब कार्डांत, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदींच्या कार्डांत, गेले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

साखर कारखान्यातला कच्च्या रसाचा पंप. ग्लँडमधून (शाफ्ट पंपातून बाहेर येतो ती जागा) गळती, तिथलं पॅकिंग (गळती अडवणारी दोरीसारखी भरण) बदला, पुन्हा गळती. बिघाड वाढत चाललेत का, एवढंच शोधायचं होतं. पण जॉब कार्डावर तारखेचा रकाना आहे, अवर मीटरचा, म्हणजे पंप किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरचा, नाही. हंगामात दोन पंप आलटून पालटून चालतात. स्टँडबायला असलेल्या पंपाची तारीख पुढे सरकते, तास नाही. शिवाय लिहिलेली तारीख बिघाडाची नसून कार्ड बंद केल्याची. रात्रपाळीत भरलेल्या पॅकिंगचं कार्ड तिसऱ्या दिवशी बंद झालेलं. आणि ठरलेलं ग्रीसिंगही ‘ब्रेकडाउन’मध्ये! अशी कार्डं आधी बाजूला काढा, ती बिघाडात धरायची नाहीत.

वाट सापडली शिफ्टच्या लॉगशीटमध्ये. ऑपरेटर दर तासाला मोटरचे अँपिअर लिहितो. आकडा असेल तो तास पंप चालू, रेघ असेल तो बंद. 150 दिवसांची पानं अशी मोजली तेव्हा कुठे 3600 तासांपैकी या पंपाचे चालू तास 2000 भरले. गळतीमुळे पंप थांबला तो 450, 850, 1150, 1400, 1600, 1750, 1850 आणि 1950 व्या तासाला.

इथे घाईने वायबुल (भागांच्या आयुष्याचं संख्याशास्त्रीय विश्लेषण) लावू नका. ती पद्धत बिघाडांमधली अंतरं लहान-मोठी लावून घेते, आणि क्रम, म्हणजे नेमकी हवी ती गोष्ट, पुसली जाते. सरासरी काढली तर 250 तास येते, तीही फसवी.

आधी लाप्लास चाचणी: बिघाड काळाच्या शेवटाकडे गोळा होताहेत का, ते ती सांगते. बिघाडांच्या तासांची सरासरी 1375, एकूण काळाचा निम्मा 1000. फरक 375, त्याला 2000 गुणिले (1 भागिले 12×8) चं वर्गमूळ, म्हणजे 204 ने भागलं की 1.84. बिघाड वाढताहेत का एवढंच तपासायचं असेल तर 5 टक्क्यांची मर्यादा 1.645, ती ओलांडली. मग क्रो-एएमएसएए, म्हणजे बिघाडांचा वेग कसा बदलतोय ते मोजणारं मॉडेल: प्रत्येक बिघाडासाठी 2000 भागिले त्याचा तास, त्याचा नैसर्गिक लॉग, सगळ्यांची बेरीज 3.72. आठ भागिले 3.72, बीटा (बिघाड वाढताहेत की घटताहेत ते सांगणारा आकडा) 2.15. एकपेक्षा जास्त, म्हणजे पंप खालावतोय. हंगामाच्या शेवटी दोन बिघाडांतलं अंतर 2000 भागिले (8×2.15), जेमतेम 116 तास.

कारण शाफ्टच्या स्लीव्हवर, म्हणजे त्याच्यावर बसवलेल्या बदलता येणाऱ्या नळीवर, होतं. पॅकिंगखाली बोटाच्या नखाला लागेल अशी खाच पडलेली. दर वेळी पॅकिंग नवं, स्लीव्ह तीच. प्रत्येक दुरुस्तीनंतर पंप होता तितकाच जुना राहिला. स्लीव्ह बदलल्यावर या गळतीचे तास शून्यापासून मोजा, जुने आठ त्यात मिसळू नका.

हो, शेवटच्या बिघाडानंतरचे 50 तास सोडू नका. मोजणी बिघाडावरच थांबवलीत तर लाप्लासचं सूत्र बदलतं: शेवटचा बिघाड वगळून सात धरावे लागतात. आणि अवर मीटर बदलला तर जुन्याचा शेवटचा आकडा त्याच दिवशी लिहून घ्या.