कापूस वेचणीचा हिशेब: 'की एरर' सुटली, आणि पुस्तकाबद्दलचं माझं मत बदललं

मंडळी, सुटलं एकदाचं! काल रात्री पावणेबाराला कापूस वेचणीच्या मजुरीचा माझा पायथन (कॉम्प्युटरला सूचना द्यायची भाषा) मधला प्रोग्राम पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत न अडखळता चालला आणि आठवड्याभराच्या वेचणीचं प्रत्येकीचं वजन नि मजुरी समोर आली. मी उठून अंगणात दोन चकरा मारल्या, झोप काही येईना. चार दिवस एकाच ओळीवर अडकलो होतो, त्यामुळे आज बाकी सगळं बाजूला ठेवून तेच सांगतो, आणि त्यातूनच "नवीन माणसाने पुस्तक कोणतं घ्यावं" या प्रश्नाला मी मागे दिलेलं उत्तर, म्हणजे 'पायथन शिकवणारं ते लाल मराठी पुस्तकच घ्या', मागे घेतो.

कुठवर आलो होतो ते थोडक्यात सांगतो. वहिनी शेतात काट्यावर उभी राहून मोबाईलवरच्या शीटमध्ये नाव आणि किलो टाकते, मी संध्याकाळी अमळनेरला घरी आल्यावर ती शीट उतरवून घेतो, एक्सेलमध्ये जरा साफ करतो, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) करून पायथनला देतो. मजुरी पहिल्या वेचणीला ८ रुपये किलो, आता बोंडं कमी झाली म्हणून १०. विंडोजवर फाईल उघडताना येणारी 'चारमॅप' वाली एरर मागच्या वेळीच सुटली होती, एन्कोडिंग (अक्षरं बाईटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट सांगायचं, बस. (ती का येते तेही आता कळलंय. आपल्या हलन्ताचे, म्हणजे पाय मोडायच्या खुणेचे, यूटीएफ-८ मध्ये तीन बाईट होतात, त्यातल्या शेवटच्याचा नंबर ८डी, आणि विंडोजच्या जुन्या १२५२ तक्त्यात त्या जागी काहीच नाही. म्हणजे जोडाक्षर आलं की फाईल अडकणारच.)

तर फाईल उघडली, ओळी वाचल्या जात होत्या, आणि 'वेचणाऱ्याचं नाव' हा रकाना मागितला की 'की एरर' (मागितलेलं नाव सापडत नाही अशी तक्रार) यायची. असा रकानाच नाही म्हणे. डोळ्यांसमोर आहे की रे बाबा! मी लूप लावून सगळ्या रकान्यांची नावं एकेक करून छापली, पहिलंच नाव 'वेचणाऱ्याचं नाव'. कोडमधलं नाव शेजारी ठेवलं, अक्षर अन् अक्षर सारखं. वाटलं शेवटी स्पेस राहिली असेल म्हणून स्ट्रिप लावलं, तरी तेच. मग मला वाटलं आता मी फार हुशारीचं काम करतोय, लेन वापरून दोघांची लांबी मोजली. फाईलमधलं नाव १६, माझं नाव १६. झालं, लांबी सारखी, दिसायला सारखं, म्हणजे गडबड दुसरीकडे आहे असं मी धरून चाललो आणि तिथेच तीन दिवस गेले. सीएसव्ही वाचून देणारा डिक्ट रीडर काढून ओळी हाताने तोडून (स्प्लिट करून) पाहिल्या, पायथन पुन्हा टाकलं, फाईलचं नाव इंग्रजी केलं, कॉम्प्युटर बदलून पाहिला. वहिनीला विचारलं रकान्याचं नाव मध्येच बदललं होतं का, तर ती म्हणाली, "भाऊ, मना आकडा बरोबर शेतस, तुमनं मशीनच चुकस."

मशीन चुकत नव्हतं. काल जेवण झाल्यावर त्या जाड्या फुकटच्या पुस्तकातला, म्हणजे ॲलन डाऊनी यांच्या 'थिंक पायथन'मधला, डिबगिंगचा (चुका शोधण्याचा) भाग पुन्हा काढून बसलो. जवळपास प्रत्येक धड्याच्या शेवटी तसा एक तुकडा असतो आणि मी आजवर तो सोडून पुढे जायचो. त्यातून जे डोक्यात बसलं ते एवढंच, की आपण व्हेरिएबलमध्ये (माहिती ठेवायच्या नाव दिलेल्या डब्यात) काय आहे असं समजतो ते बाजूला ठेवायचं आणि त्यात खरंच काय आहे ते बघायचं. म्हटलं ठीक, लूप नको, नावांची अख्खी यादीच एकदम छापू. छापली, आणि पहिल्या नावाच्या आधी एक शेपूट चिकटलेलं दिसलं, उलटी तिरकी रेघ, यू, आणि एफईएफएफ.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एक एक स्ट्रिंग (अक्षरांची माळ) प्रिंट केली की पायथन ती जशी दिसते तशी दाखवतो, अदृश्य अक्षर अदृश्यच राहतं. यादी छापली की आतल्या स्ट्रिंगांचं रेप्र, म्हणजे आतलं खरं रूप, छापलं जातं, आणि न दिसणारी अक्षरं त्यांच्या नंबरासकट बाहेर येतात. एवढ्या एका फरकाने माझे तीन दिवस वाचले असते.

हे एफईएफएफ म्हणजे बीओएम, एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलं की फाईलच्या अगदी सुरुवातीला बसणारी खूण. ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते, म्हणून बाकीचे रकाने नीट मिळायचे आणि हा एकच नाही. उपाय सोपा, एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ ऐवजी 'यूटीएफ-८-सिग' लिहायचं. खूण असेल तर ती गिळून टाकतो, नसेल तरी काही बिघडत नाही.

बदललं, चालवलं, पुन्हा 'की एरर'.

त्या क्षणी खरंच लॅपटॉप बंद करून झोपणार होतो. पण सवयीने परत लांबी मोजली आणि अंगावर काटा आला: फाईलमधलं नाव आता १५, माझं १६! म्हणजे आधी दोन्हीकडे १६ येत होते ते निव्वळ योगायोगाने. फाईलमध्ये एक जास्तीचं अक्षर पुढे होतं आणि माझ्याकडे एक जास्तीचं अक्षर मध्ये कुठेतरी. ते सापडलं 'ऱ्या' मध्ये.

आपला हा अर्धा र दोन पद्धतीने लिहिता येतो. एक, ऱ (युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणारा तक्ता, त्यात ०९३१) आणि त्याला हलन्त. दुसरी जुनी पद्धत, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे २००डी नावाचं न दिसणारं जोडणारं अक्षर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब 'ऱ्या'. वहिनीचा मोबाईल पहिल्या पद्धतीने टाइप करतो, माझ्या कॉम्प्युटरवरचा जुना कीबोर्ड दुसऱ्या. रकान्याला नाव तिने दिलं, कोड मी लिहिला. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे 'की एरर'ची शेवटची ओळ पहिल्या दिवसापासून २००डी दाखवत होती. मला वाटायचं मराठीमुळे स्क्रीनवर कचरा येतोय, म्हणून मी ती ओळ अर्धवट वाचून सोडत होतो.

मग वाटलं युनिकोडचं नॉर्मलाइज (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) लावलं की दोन्ही एक होतील. त्यातली एनएफसी पद्धत लावून पाहिली, नाही होत. साधा र आणि त्याखाली नुक्ता असं लिहिलेलं असेल तर त्याचा ऱ होतो, पण २००डी वालं रूप युनिकोडच्या लेखी वेगळंच आहे. पुढचा विचार आला, सरळ २००डी पुसूनच टाकू सगळीकडून, आणि इथे मात्र थांबलो ते बरं झालं. ते पुसलं की 'ऱ्या'चा 'र्या' होतो. दऱ्याखोऱ्यांतली दऱ्या थेट समुद्राचा दर्या होऊन जाईल, स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला आचार्याला नेऊन बसवेल. मराठीत हा फरक अर्थाचा आहे, तो कसा घालवायचा! म्हणून पुसायचं नाही, बदलायचं. र, हलन्त, २००डी हे तीन जिथे लागोपाठ येतील तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचे. रिप्लेसची एकच ओळ. पावणेबारा वाजता ती लिहिली.

आता छोटा आनंद, जो मला मोठा वाटतो. वहिनी किलो मराठी आकड्यांत टाकते, ४२.५ असं. मी त्यासाठी आकडे बदलायचं वेगळं फंक्शन लिहायला बसलो होतो, पण आधी सहज फ्लोटला (मजकुराची दशांश संख्या करणाऱ्याला) तसंच देऊन पाहिलं आणि त्याने ते निमूट घेतलं! पूर्ण संख्या करणारा इंटसुद्धा घेतो. देवनागरी अंक पायथनला कळतात. फक्त १,२५० असा स्वल्पविराम आला की अडतो, तेवढा काढून द्यायचा. व्हेरिएबलची नावंही आता मराठीत ठेवतोय, वजन, दर, मजुरी, आणि कोड वाचताना डोक्यावरचा भार खरंच कमी होतो.

पुस्तकांकडे येतो. मी म्हटलं होतं की नवशिक्याने माझ्यासारखं मराठी लाल पुस्तकच घ्यावं, समजावून सांगितलेलं आपल्या भाषेत असतं. लूप म्हणजे काय, फंक्शन म्हणजे काय हे मला त्याच पुस्तकाने पटवलं, त्याबद्दल आजही प्रेम आहे. पण ते पायथन २ वर आहे, प्रिंटला कंसच नाहीत. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आणि स्ट्रिंग म्हणजे मुळात युनिकोड हे पायथन ३ चं वळण त्यात कुठेच नाही. मराठी पुस्तक असून मराठी अक्षरांवर एक पान नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२४ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन आपल्या अमळनेरला झालं तेव्हाही मी कथा-कादंबऱ्या सोडून कॉम्प्युटरचीच पुस्तकं हुडकत फिरलो होतो. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी सुरू झाली आणि पुढे तीच विप्रो झाली, त्या गावातल्या पोराला स्वतःच्या भाषेतलं चांगलं, ताजं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक मिळायला हवं असं मला फार वाटतं.

तोवर काय? माझं आताचं मत असं, की पुस्तक विकत घेण्याआधी पहिला धडा वाचूच नका, पहिला धडा सगळ्यांचाच गोड असतो. फाईल वाचण्याचा धडा उघडा आणि एरर आल्यावर काय करायचं यावर पुस्तक किती पानं देतं ते पाहा. तिथे जे पुस्तक थांबून बोलतं ते घ्या, मग इंग्रजी का असेना. 'थिंक पायथन' त्यात बसतं आणि नेटवर फुकट वाचता येतं. ॲल स्वायगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' सुद्धा नेटवर फुकट आहे, त्यात सीएसव्हीवर वेगळा मजकूर आहे, आणि ज्याला माझ्यासारखं हिशेबाचं काम करायचंय त्याने खरं तर तिथूनच सुरुवात करावी, 'थिंक पायथन' शेजारी ठेवून. भाच्याला कॉलेजात सी भाषेचं कानेटकरांचं 'लेट अस सी' घ्यायला सांगितलंय, ते पुस्तक चांगलंच आहे आणि त्याने ते करावं, पण घरच्या घरी पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी सी सुचवणार नाही. 'कापूस' हा पाच तुकड्यांचा (क, काना, प, दीर्घ उकार, स) शब्द सीमध्ये यूटीएफ-८ ठेवून मोजला तर १५ येतो, कारण सी अक्षरं नाही, बाईट मोजतो. नवीन माणूस तिथेच घाबरून जातो.

आणि एडिटर (कोड लिहायची जागा) म्हणून थॉनी वापरा. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला आहे, फुकट आहे, पायथन त्याच्यातच बसवलेला मिळतो, माझ्या जुन्या लॅपटॉपवर हलका चालतो, आणि कोड एकेक पाऊल चालवून व्हेरिएबल बदलताना बघता येतात. तो मोठा सगळे वापरतात तो एडिटर मी काढून टाकला, त्याच्या सूचनांच्या गर्दीत मला माझाच कोड दिसेना.

आता पुढचं. ठरवलं होतं की वहिनीसाठी टीकिंटरची (पायथनमधून बटणं, चौकटी बनवायचं साधन) खिडकी करायची. पण सकाळी एकूण बेरीज वहीशी ताडली तर बऱ्हाणपूरवाली दोनदा आली होती, एकदा १२१ किलो आणि एकदा ७८.५. (आमच्याकडे वहीत बायांची नावं माहेरच्या गावावरूनच असतात.) तेच ऱ्ह चं दुखणं, काही नोंदी मी कॉम्प्युटरवर भरल्या होत्या. म्हणजे ती रिप्लेसची ओळ नुसती रकान्याच्या नावाला लावून चालणार नाही, फाईल आत घेतानाच शीटमधल्या प्रत्येक चौकटीला लावायला हवी. ते करून टाकलं, १९९.५ झाले, १९९५ रुपये, वहीशी जुळले.

पण पारोळावाली अजून दोन आहेत, आणि तिथे युनिकोडचा काही संबंध नाही. वहिनी घाईत बोलते तसं लिहिते, 'पारोयावाली'. अहिराणीत ळ चा य होतो हे पायथनला कोण सांगणार! सगळे य चे ळ करता येत नाहीत, अर्ध्या बायांची नावं बिघडतील. आधी विचार केला एक डिक्शनरी करावी, डावीकडे बोलीतलं नाव, उजवीकडे वहीतलं. पण हे लिहिता लिहिताच सुचतंय की नाव टाइपच कशाला करायचं, शीटमध्येच ड्रॉपडाउन लावून द्यावा, वहिनीने बोट ठेवलं की झालं, उन्हात उभं राहून टाइप करण्याचा तिचा त्रासही वाचेल. मग टीकिंटर राहू दे सध्या. डिक्शनरी फक्त जुन्या नोंदींपुरती, आणि तिच्यात बोलीतली नावं पुसायची नाहीत, दुसऱ्या रकान्यात तशीच ठेवायची, कारण बाया स्वतःला त्याच नावाने ओळखतात आणि पावतीवर तेच छापून दिलं तर त्यांना वाचून आनंद होईल.

मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी वाटतात, म्हणजे माझ्याकडे दोन संध्याकाळ आहेत. ड्रॉपडाउनमधली यादी ज्या मोबाईलवर करू त्याच पद्धतीचा ऱ त्यात येणार, म्हणून ती वहिनीच्याच फोनवर करतोय. कोणाच्या कीबोर्डवरून 'ऱ्या' कोणत्या पद्धतीने उमटतो हे एक ओळ टाइप करून, तिची यादी करून छापून बघाल का? कीबोर्डचं नाव आणि त्यात २००डी दिसलं की नाही ते कळवा, मी तक्ता करून ठेवतो.