मागून आलेला हात

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून आम्ही झोपलो होतो. किल्लारीजवळच्या आमच्या गावात घरं दगड-मातीची, वर माळवद. लाकडी फळ्यांवर मातीचा हातभर थर. भूकंप झाला आणि ते सगळं अंगावर आलं. मी अकरा वर्षांची होते. पाठीवर दगड, तोंडात माती, मान हलवता येईना. उजाडल्यावर दादांनी हातांनी माती उकरून मला बाहेर ओढलं. धाकटा भाऊ मात्र गेला.

पुढे तीस वर्षं कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की माझा श्वास अडकायचा. लेकीनं पाठीमागून मिठी मारली तर मी तिला झिडकारायचे आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. शेवटी पुण्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात घर करून राहणारा आजार, हा शब्द तिथं पहिल्यांदा कळला. समुपदेशन आणि गोळ्या सुरू झाल्या, झोप थोडी लागू लागली. मान आणि खांदे मात्र लाकडासारखेच राहिले.

कुणीतरी सांगितलं म्हणून एका ठिकाणी मसाजला गेले. अंधारी खोली, दार बंद, पालथं झोपायचं. पाठीवर दोन्ही तळवे टेकले आणि मी परत माळवदाखाली गेले. चप्पल न घालताच बाहेर पळाले.

हे डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मालिश हा या आजाराचा मुख्य उपचार नाही, पण समुपदेशनाच्या जोडीनं आधार होऊ शकतो. मात्र आघात झालेल्या माणसाला हात कसा लावायचा हे कळणारी व्यक्ती हवी. त्यांनीच एका ताईंचा पत्ता दिला.

पहिल्या दिवशी त्या ताईंनी मला हातच लावला नाही. "दार उघडं ठेवू की लोटू? तुम्ही कुठं बसाल?" मी खिडकीकडे तोंड करून खुर्चीवर बसले, अंगावरच्या कपड्यांनिशी. "तळहात वर केला की मी थांबणार. कारण सांगायचं नाही." दुसऱ्या खेपेला फक्त तळवे चोळले. तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवलेली. आधी थेंब स्वतःच्या मनगटावर, मग माझ्या. प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, "आता कोपरापर्यंत येते."

चौथ्या खेपेला हात खांद्यावर आला आणि छातीत धडधड सुरू झाली. मी तळहात वर केला. हात त्याच क्षणी उचलला गेला. मी रडले, पुष्कळ रडले. त्या पहाटे मी ओरडत होते आणि वरचं ओझं हलत नव्हतं. इथं नुसता तळहात वर केला आणि ओझं गेलं! माझ्या बाबतीत गुण आला तो याचाच, असं मी मनापासून मानते. तेल कुठलं वगैरे नंतरच्या गोष्टी.

त्या दिवशीचं सगळं पुढच्या समुपदेशनात बोलले. भावाबद्दल तर पहिल्यांदाच. काही आठवडे जास्त त्रास झाला, स्वप्नं परत आली. दोन खेपा मालिश बंद ठेवली. असं होतं, घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांना सांगा. ज्यांना डॉक्टर कुठं शोधायचे कळत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पालथं झोपणं अजून जमत नाही. कुशीवर, उशी कवटाळून, पाठीला तेल लावून घेते. रविवारी लेक वाटी घेऊन येते, समोर बसते आणि विचारते, "आई, आज मागं येऊ का?"

परवा मी हो म्हणाले.