सड्यावरचे प्लॉट : तिसऱ्या वर्षाची नोंद

ऑक्टोबरअखेरीपासून मेपर्यंत कृष्णधवल फिल्मचे अकरा रोल झाले, म्हणजे 132 निगेटिव्ह, आणि त्यांतील नऊच ठेवण्याजोग्या वाटतात. भाग तोच आहे, रत्नागिरी शहराच्या पूर्वेकडील कुवारबाव, मिरजोळे आणि खेडशी. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण मार्गावर धावू लागल्यानंतरच्या काळात शहर आणि स्टेशन यांच्यामधला मोकळा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, कसा भरत गेला, हे मी रोज कामावर जाता-येता पाहिले होते. पाहण्यात आणि टिपण्यात मात्र पुष्कळ अंतर असते, हे पहिली दोन वर्षे वाया गेल्यावर कळले.

वाया गेली असे म्हणतो, कारण त्या दोन वर्षांतील बहुतेक फोटो तक्रारीचे होते. पावसाळी काळे ढग, आकाश आणखी काळे करणारा लाल फिल्टर, खाली जेसीबीने ओरबाडलेला सडा. पाहणाऱ्याने हळहळावे अशी सगळी सिद्धता मी आधीच करून ठेवत असे. या वर्षी मी अमेरिकन छायाचित्रकार रॉबर्ट अ‍ॅडम्स यांचे काम पुन्हा क्रमाने पाहिले आणि माझी चूक नेमकी कुठे आहे ते उमगले. अ‍ॅडम्स मूळचे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. ते 1962 साली शिकवण्यासाठी कोलोरॅडोत परतले, तेव्हा किशोरवयात पाहिलेल्या माळांवर एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहत होत्या. पुढे नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रणाकडे वळले. 1974 साली ‘द न्यू वेस्ट’ हे त्यांचे पुस्तक आले आणि 1975 साली रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउसमधल्या माणसाने बदललेल्या भूदृश्यांच्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ या प्रदर्शनात त्यांचा समावेश झाला. त्यांच्या 1968 सालच्या एका प्रसिद्ध चौकोनी फोटोत कोलोरॅडो स्प्रिंग्जमधील साधे बैठे घर आहे आणि खिडकीत एका स्त्रीची केवळ काळी आकृती दिसते. घर कुरूप आहे असे तो फोटो कुठेही ओरडून सांगत नाही. ऊन मात्र त्या घरावरही तितक्याच उदारपणे पडलेले आहे. पुढे रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्र कारखान्याच्या परिसरात त्यांनी दुकानांबाहेर आणि पार्किंगमध्ये वावरणारी माणसे टिपली, आणि नंतर ओरेगॉनमध्ये तोडून उजाड केलेली जंगले. विषय बदलले तरी नजर चिडकी झाली नाही, याचे मला अधिक नवल वाटते.

म्हणून या हंगामात लाल फिल्टर पेटीतच ठेवला आणि भर दुपारी निघू लागलो. येथे पहिली अडचण आली. कोलोरॅडोची हवा उंचावरची आणि कोरडी आहे. आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता समुद्रावरच्या दमटपणाने क्षितिज पांढुरके होते आणि दूरचा डोंगर निगेटिव्हवर उरतच नाही. पाऊस ओसरल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचीच हवा आपल्या उपयोगाची. दुसरी अडचण जांभ्याची. उघड्या सड्याचा कातळ काळपट असतो आणि नुकताच कापलेला चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा, लालभडक, पण कृष्णधवल फिल्मवर दोघांतला फरक फारच कमी उरतो. नारिंगी फिल्टर लावल्यावर चिरा उजळतो आणि कातळापासून सुटा दिसतो. माझ्या यशिका मॅट या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात एचपी5 फिल्मचा वेग 200 धरून, फिल्टरसाठी दोन स्टॉप म्हणजे चौपट प्रकाश देऊन, लख्ख उन्हात एफ 11 ला 1/125 हे एक्स्पोजर बहुधा बरोबर आले. नळाचे पाणी तीस अंशांच्या आसपास असताना डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, वीस अंशांवर टिकवण्याचा हट्ट मी सोडला आहे. बादलीत बर्फ टाकून 24 अंश धरतो आणि त्या प्रमाणात वेळ कमी करतो. (वरच्या, म्हणजे पाहण्याच्या भिंगाला जुलैत बुरशी लागली. खालचे भिंग वाचले, एवढेच समाधान.)

तंत्रापेक्षा मोठा प्रश्न होता तो कॅमेरा कशासमोर उभा करायचा हा. अ‍ॅडम्स यांच्यासमोर एकाच बिल्डरने एका दमात उभारलेली घरे होती. आपल्याकडे जमीन एन.ए. म्हणजे बिगरशेती होते, लेआऊट पडतो, दोन-चार गुंठ्यांचे तुकडे विकले जातात आणि मग अनेक वर्षे तेथे घरच होत नाही. झालेच, तर मालक मुंबईला किंवा पुण्याला आणि फाटकाला कुलूप. उभे राहते ते आधी कंपाउंड. पूर्वी येथे गडगे होते, चिरे नुसते एकावर एक रचलेले, मधून वारा जाईल आणि माणूस ओलांडून जाईल इतक्या उंचीचे. त्यांच्या जागी आता सिमेंटची पुरुषभर भिंत येते. हे लक्षात आल्यावर मी घरे सोडून भिंतींमागे लागलो.

सातव्या रोलमधली चौथी फ्रेम मला या वर्षातली सर्वांत जमलेली वाटते. समोर काळा कातळ आहे, त्यावर चुन्याच्या फक्कीची रेघ आणि पिवळ्या रंगात हाताने लिहिलेला ‘17’. डावीकडे अर्धा मोडलेला गडगा आणि त्याचेच शेवाळलेले चिरे उजवीकडच्या नव्या भिंतीत बसवलेले. गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक आजी चौकटीत आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, “फोटो कसला काढतोस रे बाबा? हिकडनं आमची वाट व्हती.” मग भिंतीला वळसा घालून त्या खाली उतरल्या. फोटोत त्या पाठमोऱ्या, अगदी कडेला आहेत. त्यांना मध्यभागी घेण्याचा मोह मी आवरला आणि ते बरेच झाले.

कातळावरच्या रेघा पाहून कोणालाही कातळशिल्पे, म्हणजे सड्यावर पूर्वी कोरलेल्या आकृती, आठवतील. जांभरूण, बारसू, कशेळी अशा ठिकाणची शिल्पे 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. पुरातन रेघ आणि प्लॉटची रेघ शेजारी शेजारी लावण्याची कल्पना मलाही सुचली होती, पण ती इतकी सहज सुचली की मी ती सोडून दिली.

परिणाम दाखवणे सर्वांत अवघड आहे. सच्छिद्र जांभ्यात पाऊस मुरतो आणि उताराखाली झऱ्यांतून बाहेर पडतो. सपाटीकरण करून वर काँक्रीट ओतले की तेच पाणी वाट मिळेल तिकडे धावते. गेल्या जूनमध्ये एका वाडीत उतरणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून तांबडे पाणी घोट्याइतके वाहताना पाहिले, आणि मे महिन्यात त्याच जागेवरून कोरड्या पायऱ्या टिपल्या. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्यावर काहीतरी बोलू लागतात, पण जूनचा फोटो हलला आहे. यंदा तो छत्रीखाली ट्रायपॉड लावून पुन्हा घ्यायचा आहे.

एक गोष्ट दोन वर्षे लिहायची टाळली होती. हे टिपण मी ज्या खोलीत लिहितो आहे, ती याच भागातल्या चार गुंठ्यांच्या प्लॉटवर आहे, आणि आमचे कंपाउंडही सिमेंटचेच आहे. पुढच्या हंगामाचा पहिला रोल म्हणून आमच्याच फाटकापासून सुरू करणार आहे. ट्रायपॉडची जागा दर वर्षी तीच राहावी, यासाठी समोरच्या कातळावर पिवळ्या रंगाचा ठिपका कालच मारून ठेवला.