कर्करोग प्रयोगशाळेतील माझे पहिले उन्हाळी प्रशिक्षण

पदवीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपताच मी कर्करोग जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी रुजू झाले. मला दिलेला प्रश्न लहानसा होता. डॉक्सोरुबिसिन या औषधाने डीएनएला इजा झाल्यावर स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींमध्ये इजा झालेल्या पेशीचे विभाजन थांबवणाऱ्या पी-५३ या प्रथिनाचे प्रमाण किती वेळात वाढते, हे मला पाहायचे होते. १९७९ मध्ये शोध लागलेल्या या प्रथिनाचा एरवी एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन सतत नाश घडवून आणते. डीएनएला इजा झाली की हा नाश मंदावतो आणि पी-५३ पेशीत साचू लागते. पाठ्यपुस्तकात हे सारे एका आकृतीत मावते.

सुरुवातीचा बराच काळ मात्र पेशी निरोगी ठेवायला शिकण्यातच गेला आणि तो मला अजिबात वाया गेल्यासारखा वाटत नाही. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. फ्लास्कमधले लालसर माध्यम, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, पिवळसर दिसू लागले, की पेशी दाटल्या आणि आम्ल साठले असे समजावे. पेशींची पकड सोडवणारे ट्रिप्सिन हे विकर घातल्यावर तळाला पसरून चिकटलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली आक्रसत गोल होताना दिसतात, आणि फ्लास्क हलकेच थोपटला की सुटून तरंगू लागतात. तेवढ्यात सीरम असलेले माध्यम घालून ट्रिप्सिनचे काम थांबवायचे असते, कारण उशीर झाला तर पेशींनाच इजा होते. या पेशी मुळात एका रुग्ण स्त्रीच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या द्रवातून मिळवलेल्या आहेत, हे कळल्यापासून मी तो फ्लास्क अधिकच जपून हाताळू लागले.

पुढचे काम वेस्टर्न ब्लॉटचे. पेशींतील प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाच्या साहाय्याने त्यांतील हवे ते प्रथिन शोधायचे. औषध दिलेल्या पेशींचा पी-५३ चा पट्टा गडद दिसताच मला अतिशय आनंद झाला, पण मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तो नंतर बघू, आधी ॲक्टिन दाखव." ॲक्टिन या पेशीच्या सांगाड्यातील प्रथिनाचे प्रमाण या प्रयोगात फारसे बदलत नाही, म्हणून त्याचे पट्टे सगळीकडे सारखे असतील तरच प्रत्येक नमुन्यात सारखेच प्रथिन भरले होते असे मानता येते. ते सारखे होते. औषध न दिलेल्या पेशींत पी-५३ जेमतेम दिसत होते आणि औषध दिलेल्यांत तासागणिक वाढत गेले होते. तरीही वेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींवर हाच निकाल पुन्हा मिळेपर्यंत मॅडमनी त्याचा आलेख काढू दिला नाही, आणि हा आग्रह मला मनापासून पटला.

पी-५३ वाढले म्हणजे ते कामाला लागले असे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी ते ज्याची निर्मिती वाढवते आणि ज्यामुळे पेशीविभाजन थांबते, ते पी-२१ प्रथिनही त्याच नमुन्यांत पाहायला हवे. उरलेले नमुने त्यासाठीच नावे घालून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले आहेत.