चाळीस मेगावॅटचा रकाना

15 नोव्हेंबर 2024, शुक्रवार. त्रिपुरी पौर्णिमा, गुरुनानक जयंती, दिल्लीतलं आमचं ऑफिस बंद. मी मात्र टेबलावर होते, कारण सोमवारी एका ग्राहकाला भारत, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांच्या विजेचा तुलनात्मक तक्ता द्यायचा होता. उत्पादन, वापर, आयात, निर्यात.

लोकांना वाटतं, आकडे गोळा केले की तक्ता तयार. खरी दमछाक असते ते आकडे शेजारीशेजारी बसवताना. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, भूतान-बांगलादेशचं जुलैला, नेपाळचं साउन महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे जुलैच्या मध्याला. त्यात वर्षाची बेरीज फसवते. 2023-24 मध्ये नेपाळनं भारताला विकलेली वीज भारताकडून घेतलेल्या विजेपेक्षा पहिल्यांदाच किंचित जास्त भरली, म्हणून तक्त्यात तो 'निर्यातदार'. पण तिथले बहुतेक प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात. जानेवारीत नद्या आटल्या की तोच देश आपल्याकडून वीज मागतो. माझे बाबा पोफळीच्या वीजगृहात होते. धरणात पाणी अडवून ठेवणं म्हणजे काय, हे मला कोयनेनं लहानपणीच शिकवलं. म्हणून महिनावार रकाने हवेत असा माझा आग्रह असतो, आणि 'वाचणाऱ्याला एवढं नको असतं' असं उत्तर दर वेळी मिळतं. वाचणाऱ्याला कोणी विचारलेलं नसतं.

त्या दिवशी नेपाळची वीज पहिल्यांदा भारतातून बांगलादेशाला गेली. 40 मेगावॅट. तिन्ही देशांच्या ऊर्जा खात्याच्या प्रमुखांनी पडद्यावरून एकत्र येऊन उद्घाटन केलं. करार दर वर्षी 15 जून ते 15 नोव्हेंबर एवढ्याच मुदतीचा: पावसाळ्यात नेपाळकडे वीज उरते, आणि बांगलादेशात उन्हाळा-पावसाळ्यातच मागणी चढलेली असते. म्हणजे सुरुवात झाली तो त्या हंगामाचा अखेरचा दिवस होता. बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "चाळीस? अगं, आमचा एकेक संच सत्तरचा." मग जरा थांबून म्हणाले, "पण तीन देशांतनं गेली ना!"

माझा प्रश्न तिथेच होता. ही वीज नेपाळमधल्या ढल्केबरहून बिहारमधल्या मुझफ्फरपूरला भारतात येते, तिथल्या मीटरवर मोजली जाते आणि आपल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात मिसळते. बांगलादेशाला जाते ती पश्चिम बंगालमधल्या बहरमपूरहून. नेपाळचं जाळं आपल्याशी एका तालात, म्हणजे एकाच वारंवारतेवर चालतं, बांगलादेशचं स्वतंत्र. म्हणून बांगलादेशातल्या भेडामाऱ्याला एसीची डीसी आणि लगेच परत एसी करून ती पलीकडे सोडतात. तिथे पोचणारी वीज नेपाळचीच, असं कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. ती फक्त हिशेबात नेपाळची असते. मग तक्त्यात कुठे लिहायची? भारताच्या आयातीत आणि निर्यातीतही धरली, तर चार देशांच्या व्यापाराच्या बेरजेत तीच वीज दोनदा येते. भारताला वगळून सरळ नेपाळ-बांगलादेश लिहिली, तर मुझफ्फरपूरच्या मीटरशी मेळ बसत नाही.

मी 'वाटेतली वीज' असा वेगळा रकाना केला आणि तारखेपाशी अडकले. विजेच्या हिशेबात आपला दिवस पंधरा मिनिटांच्या 96 ब्लॉकचा. काठमांडूचं घड्याळ आपल्यापुढे बरोबर एक ब्लॉक, ढाक्याचं दोन. आपल्या रात्री साडेअकराला ढाक्यात 16 तारीख लागते, पावणेबाराला काठमांडूत. म्हणजे आपल्या 15 तारखेचे शेवटचे दोन ब्लॉक ढाक्याच्या लेखी हंगामाबाहेरचे. 40 मेगावॅटनं अर्ध्या तासाचे 20,000 युनिट होतात. मी तिन्ही घड्याळं कागदावर एकाखाली एक मांडून ब्लॉक क्रमांक 95 आणि 96 लाल पेन्सिलीनं घेरले आणि खाली टीप लिहिली: तारीख भारतीय वेळेनुसार.

सोमवारी सरांनी तक्ता उघडला आणि दोन मिनिटांत रकाना काढला, टीपही काढली. "एका दिवसाच्या चाळीस मेगावॅटसाठी अख्खा रकाना? भारताच्या आयात-निर्यातीत टाक." सर वाईट नाहीत, पण आकडा लहान म्हणजे गोष्ट लहान असं ते धरून चालतात. मी सांगितलं, बेरीज दोनदा होईल. ते म्हणाले, "दशांशातसुद्धा दिसणार नाही." ते खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. तसं बसायला नको होतं. ज्या नेपाळात एकेकाळी हिवाळ्यात दिवसाला 16 तासांपर्यंत भारनियमन असायचं, त्याची वीज तिसऱ्या देशात गेली, आणि आमच्या तक्त्यात ती भारताची म्हणून छापली गेली.

15 जून 2025 ला तीच वीज पुन्हा सुरू झाली, या वेळी पाच महिन्यांसाठी. मी जुनी फाईल काढली. रकाना परत घातला, शीर्षक तेच ठेवलं. या वेळी सरांना पाठवण्याआधी सोबत दोनदा मोजलेल्या युनिटची बेरीजही जोडली: 40 मेगावॅटप्रमाणे दिवसाला 9 लाख 60 हजार. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.